बिअर्डेड ड्रॅगनसाठी ऊब आणि यूव्हीबी: दिवे कोणते घ्यावेत, कुठे लावावेत, कसे तपासावेत

बिअर्डेड ड्रॅगन खाईनासा झाला, सुस्त पडून राहू लागला, की आधी त्याच्या ताटात काय आहे ते बघितलं जातं. किडे बदलले जातात, पाला बदलला जातो, कॅल्शियमची पूड वाढवली जाते. पेटीच्या छतावरच्या दिव्यांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, आणि बहुतेक वेळा गडबड तिथेच असते. या सरड्याचं पचन, हाडं, भूक, झोप, अंगाचा रंग हे सगळं वरून येणाऱ्या उजेडावर आणि उबेवर चालतं. दिवे चुकले की बाकी कितीही लाड केले तरी उपयोग होत नाही.

पाळला जाणारा बिअर्डेड ड्रॅगन म्हणजे पोगोना व्हिटिसेप्स. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातल्या कोरड्या, निमकोरड्या मुलखातला हा दिवसा हिंडणारा सरडा. सकाळी तो एखाद्या खडकावर, ओंडक्यावर किंवा कुंपणाच्या खांबावर चढतो, अंग सपाट करून सूर्याकडे पाठ करतो, तापला की सावलीला सरकतो. दिवसभर हाच क्रम. पेटीत हा क्रम त्याला स्वतःच्या मर्जीने करता आला पाहिजे. त्यासाठी एक टोक रखरखीत, दुसरं टोक गार आणि मधे उतरती ऊब हवी. मोठ्या ड्रॅगनसाठी १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच ही किमान पेटी धरा. ६० सेंमी लांबीच्या छोट्या टँकमध्ये कितीही महागडे दिवे लावले तरी दोन टोकांत पुरेसा फरक पडत नाही. सगळी पेटी एकसारखी तापते आणि सरड्याला पळायला जागा उरत नाही.

तीन कामं, एकच जागा

उघड्यावर सूर्य तीन गोष्टी एकदम देतो: डोळ्याला दिसणारा उजेड, अंगात मुरणारी ऊब आणि अतिनील किरण, ज्यांतला यूव्हीबी हा भाग इथे महत्त्वाचा. पेटीत ही कामं तीन वेगवेगळ्या दिव्यांकडून करून घ्यावी लागतात. इथेच सगळ्यात जास्त आढळणारी चूक होते. ऊब देणारा दिवा एका टोकाला आणि यूव्हीबीची ट्यूब दुसऱ्या टोकाला, नाहीतर मागच्या भिंतीला, जिथे जागा मिळेल तिथे लावलेली असते.

हे का चालत नाही ते समजून घ्या. २८० ते ३१५ नॅनोमीटरचे यूव्हीबी किरण कातडीतल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलवर पडतात आणि त्यापासून प्री-व्हिटॅमिन डी३ तयार होतं. त्याचं खरं डी३ व्हायला मात्र ऊब लागते. गार कातडीवर यूव्हीबी पडलं तर हे काम फार धिमं चालतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्या डी३ला कामाच्या रूपात आणतात आणि मग कुठे आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जातं. म्हणजे ऊब आणि यूव्हीबी एकाच वेळी, एकाच पाठीवर पडायला हवेत. ट्यूब आणि तापणारा दिवा शेजारी शेजारी, एकाच बाजूला लावा. सरडा शेकायला बसला की दोन्ही आपोआप मिळतील, आणि गार टोकाला गेला की दोन्हींपासून सुटका मिळेल.

डी३ची पूड देऊन ट्यूब टाळता येईल असा विचार करू नका. पुडीतलं डी३ जास्त झालं तर शरीरात साठून अपाय करतं. उन्हातून किंवा ट्यूबमधून बनणाऱ्या डी३चं तसं होत नाही, कारण जास्तीचं प्री-व्हिटॅमिन त्याच प्रकाशाने निरुपद्रवी द्रव्यांत मोडलं जातं. अर्थात याचा अर्थ यूव्हीबी कितीही चालतं असा नाही. डोळे आणि कातडी भाजू शकते, त्याबद्दल पुढे येईलच.

यूव्हीबीची ट्यूब

लांब टी५ हाय आउटपुट ट्यूब घ्या. तिची जाडी साधारण १६ मिमी असते. जुन्या टी८ ट्यूब २६ मिमी जाड असतात. त्यांचा मारा कमी, म्हणून त्या सरड्याच्या बऱ्याच जवळ लावाव्या लागतात. पीळदार छोटे यूव्हीबी बल्ब या प्राण्यासाठी घेऊ नका. त्यांचा पट्टा इतका लहान असतो की डोक्यावर यूव्हीबी पडतं आणि कंबर कोरडी राहते.

ट्यूबवर १०, १२ किंवा १४ टक्के असं लिहिलेलं असतं. हा आकडा ट्यूबमधून निघणाऱ्या प्रकाशातला यूव्हीबीचा वाटा सांगतो, एकूण ताकद नाही. म्हणून १० टक्क्यांची टी८ आणि १० टक्क्यांची टी५ हाय आउटपुट एकमेकींच्या जागी चालत नाहीत. दोन कंपन्यांच्या सारख्याच आकड्याच्या ट्यूबही एकसारख्या नसतात. ५ किंवा ६ टक्क्यांच्या ट्यूब सावलीतल्या, जंगलातल्या प्राण्यांसाठी असतात. बिअर्डेड ड्रॅगनला १० ते १४ टक्क्यांची वाळवंटी प्रकारचीच लागते.

लांबी पेटीच्या अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत हवी. १२० सेंमीच्या पेटीला २४ वॅटची सुमारे ५५ सेंमीची किंवा ३९ वॅटची सुमारे ८५ सेंमीची ट्यूब बरोबर बसते. पूर्ण लांबीची ट्यूब लावली तर सावलीचं टोकच उरत नाही.

आता फिटिंगबद्दल, कारण इथे फसायला होतं. २४ वॅटची हाय आउटपुट टी५ ट्यूब आणि घरगुती उजेडाची १४ वॅटची टी५ ट्यूब यांची लांबी आणि पिना अगदी सारख्या असतात. ३९ आणि २१ वॅटच्या जोडीचंही तसंच, ५४ आणि २८ वॅटच्या जोडीचंही. साध्या टी५ फिटिंगमध्ये हाय आउटपुट ट्यूब सहज बसते, लागतेही, उजेडही पडतो. पण त्या चोकमधून तिला पुरेशी वीज मिळत नाही आणि यूव्हीबी कमी निघतं. बाहेरून पाहून काहीही कळत नाही. फिटिंगवर ट्यूबच्याच वॅटचा आकडा आणि हाय आउटपुट असा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय घेऊ नका. मागे चकचकीत वाकवलेला ॲल्युमिनियमचा परावर्तक असावा. त्याच्याविना छताकडे जाणारे किरण वाया जातात आणि खाली पोचणारी ताकद खूप घटते.

जाळी, काच आणि प्लास्टिक यांचा हिशोब आधीच करा. पेटीवरची बारीक धातूची जाळी सर्वसाधारणपणे तीस ते पन्नास टक्के यूव्हीबी अडवते, विणीप्रमाणे कमीजास्त. साधी काच आणि नेहमीचं पारदर्शक प्लास्टिक जवळजवळ सगळंच अडवतं. म्हणून काचेच्या झाकणावर ठेवलेली ट्यूब निव्वळ शोभेची ठरते, आणि बंद खिडकीतून येणारं ऊनही या कामी येत नाही. शक्य असेल तर ट्यूब पेटीच्या आत, छताला खालून बसवा.

किती अंतरावर?

अंतर ट्यूबपासून पेटीच्या तळापर्यंत मोजायचं नाही. शेकायच्या जागेवर बसलेल्या सरड्याच्या पाठीपर्यंत मोजायचं. मोठा ड्रॅगन दगडावर बसला की त्याची पाठ दगडापासून चार-पाच सेंमी वर येते. तेवढं वजा करा.

परावर्तक असलेल्या टी५ हाय आउटपुट ट्यूबसाठी सुरुवात अशी करा. मधे जाळी नसेल तर १० ते १२ टक्क्यांची ट्यूब पाठीपासून ३० ते ४० सेंमीवर, १४ टक्क्यांची ४० ते ४५ सेंमीवर. मधे जाळी असेल तर १० ते १२ टक्क्यांसाठी अंतर २० ते ३० सेंमीपर्यंत कमी करावं लागतं. ट्यूबच्या खोक्यावर कंपनीने दिलेला अंतराचा तक्ता यापेक्षा वेगळा असेल तर तो पाळा.

खरी खात्री मोजूनच होते. आज जाणकार लोक टक्क्यांऐवजी यूव्ही इंडेक्समध्ये, म्हणजे त्या जागी पोचणाऱ्या अतिनील किरणांच्या ताकदीच्या आकड्यात, बोलतात. २०१० साली गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी सरपटणारे प्राणी निसर्गात किती ऊन घेतात ते मोजलं आणि त्यावरून चार गट पाडले. बिअर्डेड ड्रॅगन तिसऱ्या गटात धरला जातो, म्हणजे उघड्यावर किंवा अधूनमधून उघड्यावर ऊन खाणारा. त्याच्या शेकायच्या जागेवर, पाठीच्या उंचीला, यूव्ही इंडेक्स ४ ते ६ असावा आणि गार टोकाकडे तो शून्यापर्यंत उतरत जावा. हे मोजायला सोलरमीटर ६.५ हे हातात धरायचं यंत्र सगळीकडे वापरलं जातं. ते स्वस्त नाही, पण सरडे पाळणाऱ्या चार-पाच जणांत मिळून एक घेतलं तरी पुरतं. यूव्हीबी असेल तर रंग बदलणारी कार्डं मिळतात. ती फक्त किरण आहेत की नाहीत एवढंच सांगतात, किती आहेत ते सांगत नाहीत.

फिकट, पारभासी जातीच्या ड्रॅगनांना, म्हणजे हायपो आणि ट्रान्सलुसंट म्हणून विकल्या जाणाऱ्यांना, रंगद्रव्य कमी असल्यामुळे इतकं यूव्हीबी सोसत नाही. त्यांच्यासाठी २ ते ३ वर थांबा आणि आडोसे जास्त द्या.

ऊब: हॅलोजनच का

सूर्याच्या उबेत जवळच्या इन्फ्रारेडचा, म्हणजे इन्फ्रारेड-एचा, मोठा वाटा असतो. हे किरण कातडीच्या खालपर्यंत पोचतात आणि स्नायू गरम करतात. पेटीत त्याच्या सर्वांत जवळ जातो तो हॅलोजन फ्लड दिवा. चिनी मातीचा काळा किंवा पांढरा हीटर बल्ब मुख्यतः लांब पल्ल्याचे इन्फ्रारेड-सी फेकतो. त्याने कातडीचा वरचा थर आणि आसपासची हवा तापते, आतपर्यंत ऊब पोचायला वेळ लागतो. दिवसाचा मुख्य दिवा म्हणून तो घेऊ नका. एलईडीचा तर प्रश्नच नाही, त्यात ऊब नसते.

हॅलोजन घेताना ‘पार ३८’ (PAR38) आकाराचा, २५ ते ४० अंशांचा झोत असलेला फ्लड घ्या. अरुंद झोताचा स्पॉट दिवा टाळा. मोठ्या ड्रॅगनचं डोकं आणि धड मिळून २० ते २५ सेंमी भरतं, आणि हे सगळं एकदम उबेत आलं पाहिजे. झोत बशीएवढा असेल तर पाठीचा एक गोल तापत राहतो आणि बाकी अंग गारच असतं. सरडा अंग तापेपर्यंत हलत नाही, आणि तोवर त्या गोलातली कातडी भाजलेली असते. पाठीवर मधोमध येणाऱ्या भाजल्याच्या खुणा बहुतेक अशाच दिव्याखाली येतात. त्यामुळे एका १०० वॅटच्या दिव्यापेक्षा ५०-५० वॅटचे दोन फ्लड शेजारी लावले तर पट्टा रुंद आणि सारखा पडतो. पेटी उंच असेल, खोली गार असेल तर हा मार्ग फारच चांगला.

वॅट किती हे पेटी, खोलीची हवा आणि दिव्याची उंची यांवर ठरतं. ६० सेंमी उंच पेटीत, दिव्यापासून शेकायची जागा २५ ते ३५ सेंमीवर असेल तर ७५ वॅटपासून सुरुवात करा. दिवा मंद करता येतो, वाढवता येत नाही, म्हणून एक पायरी वरचा घ्या आणि डिमरने खाली आणा.

लक्ष्य असं ठेवा. शेकायच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस, पिल्लांसाठी या पट्ट्याच्या वरच्या अंगाला. गार टोकाची हवा २४ ते २७ अंश. उन्हाळ्यात २९ पर्यंत गेली तरी चालते. रात्री १८ ते २२. दगडाचं तापमान ३५ च्या खाली असेल तर ड्रॅगन दिवसभर शेकत बसतो आणि तरी अन्न पचत नाही. पोटात न पचलेलं अन्न पडून राहतं, भूक जाते, कधी ते अडकून बसतं. भूक गेलीय म्हणून डॉक्टरकडे नेण्याआधी दगड मोजून बघा.

शेकायची जागा सपाट दगडाची किंवा फरशीच्या तुकड्याची असावी, खालून डळमळणार नाही अशी, आणि चढायला उतार असलेली. दगड ऊब धरून ठेवतो आणि पोटालाही शेक मिळतो. शेजारी थोड्या कमी उंचीवर एक फांदी ठेवली तर त्याला दुसरी, किंचित गार पायरी मिळते, आणि तो ती वापरतो.

तापणारे दगड म्हणून विकल्या जाणाऱ्या विजेच्या वस्तू आणि तळाखालच्या गरम चटया घेऊ नका. हे प्राणी ऊब वरून येणार असं धरून वागतात. पोटाखाली भाजतंय हे त्यांना वेळेवर कळत नाही आणि ते तिथेच बसून राहतात. पोटाचं भाजणं बरं व्हायला महिने लागतात.

पाऱ्याच्या बाष्पाचे (मर्क्युरी व्हेपर) दिवे एकाच बल्बमध्ये ऊब आणि यूव्हीबी दोन्ही देतात, आणि मोठ्या, उंच पेटीत ते कामाला येतातही. पण ते मंद करता येत नाहीत, थर्मोस्टॅटला जोडता येत नाहीत, आणि बंद झाले की गार झाल्याशिवाय पुन्हा लागत नाहीत. उन्हाळ्यात पेटी जास्त तापली तर हातात काहीच उरत नाही. आमची पसंती ट्यूब आणि हॅलोजन वेगवेगळे ठेवण्यालाच.

पांढरा उजेड

याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. ट्यूब निळसर उजेड देते, हॅलोजन पिवळट देतो, आणि दोन्ही मिळूनही गार टोक अंधारंच राहतं. ६५०० केल्विनची, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखी पांढरी, प्रखर एलईडी पट्टी पेटीच्या जवळजवळ पूर्ण लांबीला लावा. फरक काही दिवसांतच दिसतो: ड्रॅगन जास्त हिंडतो, शिकार लांबून हेरतो, रंग उजळतो. या सरड्यांना यूव्हीए (अतिनील प्रकाशाचा आणखी एक भाग) हेही दिसतं. ते ट्यूबमधून येतं, म्हणून ट्यूब दिवसभर लागलेली असावी.

उजेड नेहमी वरून यायला हवा. भुवयांसारखे उंचवटे त्याच्या डोळ्यांवर छप्पर धरतात, पण ते वरच्या उन्हासाठीच. बाजूने, डोळ्याच्या पातळीला लावलेली ट्यूब सरळ बाहुलीत जाते. डोक्याच्या मध्यावर त्याला एक तिसरा, प्रकाश ओळखणारा डोळाही असतो. उजेड वरून आहे की नाही ते त्याला तिथूनही कळतं.

जोडणी, क्रमाने

१. पेटी रिकामी असताना सुरुवात करा. कोणतं टोक ऊन्हाचं ते ठरवा. खिडकीचं थेट ऊन ज्या टोकावर पडत नाही तेच निवडा, नाहीतर दुपारी दोन सूर्य एकत्र होतील.

२. हॅलोजनसाठी चिनी मातीचे होल्डर वापरा. प्लास्टिकचे होल्डर काही आठवड्यांत ठिसूळ होतात, वितळतात. दिवा लाकडी छतापासून आणि भिंतींपासून दूर ठेवा. तासभर लावून लाकडाला हात लावून बघा, हात ठेववत नसेल तर अंतर वाढवा. दिवा पेटीच्या आत असेल तर त्याभोवती तारेचा पिंजरा बसवाच. हॅलोजनच्या काचेला ड्रॅगनची उडी लागली तर क्षणात भाजतं.

३. हॅलोजनच्या अगदी शेजारी, पेटीच्या लांबीला समांतर, ट्यूब लावा. तिचं एक टोक ऊन्हाच्या भिंतीजवळ आणि दुसरं टोक मध्याच्या थोडं पुढे येईल. दोन्हींमध्ये इतकं अंतर ठेवा की खालच्या दगडावर त्यांचे पट्टे एकमेकांवर पडतील.

४. शेकायचा दगड या दोन्ही पट्ट्यांच्या मध्यावर ठेवा. आधी यूव्हीबीसाठी लागणारी उंची ठरवा, मग त्या उंचीला ३८ ते ४२ अंश येईपर्यंत हॅलोजन मंद किंवा प्रखर करा. क्रम उलटा केला तर ऊब बरोबर येते आणि यूव्हीबी चुकतं.

५. हॅलोजनला डिमिंग प्रकारचा थर्मोस्टॅट जोडा. चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट दिव्याची सतत उघडझाप करतो. सरडा बिथरतो आणि बल्बही लवकर जातो. यूव्हीबीची ट्यूब डिमरला किंवा थर्मोस्टॅटला कधीही जोडू नका. तिला फक्त टायमर.

६. थर्मोस्टॅटची तापमान ओळखणारी तार शेकायच्या जागेच्या कडेला, सरडा तिच्यावर बसणार नाही आणि झोत थेट पडणार नाही अशी पक्की बांधा. थर्मोस्टॅटवर दिसणारा आकडा आणि दगडाचं तापमान एक नसतं. दगड ४० ला स्थिर होईल तो आकडा थर्मोस्टॅटवर कायम करा, मग तो ३३ असो की ३६. तार सुटून खाली पडली तर तिला गारच जाणवतं आणि दिवा पूर्ण ताकदीने जळत राहतो. पेटी अति तापण्याचं हे नेहमीचं कारण आहे. म्हणून चिकटपट्टीवर भिस्त ठेवू नका.

७. सगळे दिवे टायमरवर टाका. उन्हाळ्यात १३ ते १४ तास, हिवाळ्यात १० ते ११ तास. सकाळी आधी पांढरा उजेड, पंधरा-वीस मिनिटांनी हॅलोजन आणि ट्यूब. संध्याकाळी उलट क्रम. खाणं सकाळी तासभर शेकून झाल्यावर द्या, आणि दिवे बंद होण्याआधीच्या दोन तासांत काही देऊ नका.

८. सरडा आत सोडण्याआधी दोन-तीन दिवस सगळं चालू ठेवून आकडे लिहून ठेवा: सकाळी, दुपारी, रात्री.

मोजायचं कशाने

दगडासाठी इन्फ्रारेड गन (न टेकवता तापमान मोजणारा थर्मामीटर), हवेसाठी तार असलेले दोन डिजिटल थर्मामीटर. एक गार टोकाला, तळापासून पाच सेंमीवर. दुसरा ऊन्हाच्या टोकाला, पण झोताबाहेर. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर आणि रंगीत पट्ट्या काचेचं तापमान दाखवतात, त्यात पाच-सहा अंशांचा फरक सहज पडतो. गन वापरताना ती दगडाच्या जवळ, सरळ धरा. लांबून धरली तर ती दगडाबरोबर आजूबाजूची वाळूही मोजते आणि आकडा कमी दाखवते. चकचकीत, ओल्या पृष्ठभागावर तिचा आकडा धरू नका. दिवा लावून निदान एक तास झाल्यावर मोजा. दगड त्याआधी तापत असतो.

सरडा काय सांगतोय

सगळं बरोबर असेल तर सकाळ अशी दिसते. दिवे लागतात, ड्रॅगन काळपट राखाडी अंगाने दगडावर येतो, बरगड्या पसरून थाळीसारखा सपाट होतो आणि पाठ तिरकी करून झोताकडे धरतो. काळा रंग ऊब पटकन ओढतो. अर्ध्या-पाऊण तासात रंग फिका, पिवळसर होत जातो, अंग गोल होतं, मग तोंड थोडं उघडून तो बसतो. हे तोंड उघडणं म्हणजे जादा ऊब बाहेर टाकणं. शेकायच्या जागेवर ते अगदी निरोगी लक्षण आहे. मग तो खाली उतरतो आणि खायला बघतो.

याच्यापलीकडचं काही दिसलं तर ते वाचा. दिवसभर दगड सोडत नाही, रंग गडदच, पोटावर काळ्या रेघा: ऊब कमी आहे. दगडाकडे फिरकतच नाही, गार टोकालाच तोंड उघडून बसतो, काच खरवडतो: पेटी जास्त तापली आहे, किंवा गार टोक खरोखर गार नाही. शेकताना डोळे मिटून घेतो, पापण्या सुजतात, डोळ्यांतून पाणी येतं: यूव्हीबी फार जवळ आहे किंवा ट्यूब बाजूने लागते आहे. ट्यूब लगेच बंद करा, अंतर तपासा. डोळे नुसते भाजले असतील तर काही दिवसांत सुधारतात. तीन-चार दिवसांत फरक नसेल तर डॉक्टर गाठा.

यूव्हीबी कमी पडल्याची लक्षणं उशिरा येतात, आणि म्हणूनच ती घातक. आधी बोटं आणि पाय बारीक थरथरतात. मग चालताना पोट जमिनीवरून उचललं जात नाही, खालचा जबडा रबरासारखा मऊ लागतो, पाय सुजल्यासारखे जाड दिसतात, शेपटीला किंवा पाठीला वाक येतो. याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. इथे नवी ट्यूब लावून वाट बघत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे त्याच दिवशी न्या, कॅल्शियमचा उपचार त्यांनीच करायचा आहे. वाकलेली हाडं पुन्हा सरळ होत नाहीत, पण आजार थांबवता येतो.

रात्र, उन्हाळा, वीज जाणं

रात्री पूर्ण अंधार. लाल, निळे, काळे रात्रीचे बल्ब लावू नका. त्यांचा उजेड सरड्याला दिसतो आणि झोपमोड होते. रात्रीची हवा १६-१८ अंशांच्या खाली जात असेल तरच ऊब द्या, तीही उजेड नसलेली: चिनी मातीचा हीटर बल्ब, थर्मोस्टॅटसह, वरून, जाळीच्या आड. रात्रीची थंडाई या प्राण्याला हवीच असते, ती पुसून टाकू नका.

खोलीच ३२-३३ अंशांवर गेली तर हॅलोजन कमी वॅटचा लावा किंवा दुपारी बंद ठेवा, पण ट्यूब आणि पांढरा उजेड चालूच ठेवा. झाकण जाळीचं असेल तर वरून हवा खेळू द्या. गार टोकाच्या बाहेरच्या भिंतीला कापडात गुंडाळलेली बर्फाची पिशवी टेकवली तरी दोन-तीन अंश उतरतात. पेटीची हवा सगळीकडे ४० च्या आसपास पोचली आणि सरड्याला पळायला जागा नसेल तर तो थोड्या वेळात दगावू शकतो.

उघड्यावरचं थेट ऊन कोणत्याही ट्यूबपेक्षा सरस. मिळेल तेव्हा द्या, पण जाळीच्या पिंजऱ्यात, सावलीच्या कोपऱ्यासह आणि शेजारी बसून. काचेचा टँक कधीही उन्हात ठेवू नका. काही मिनिटांत आतली हवा जीवघेणी होते.

वीज गेली तर घाई नको. मोठा ड्रॅगन एखादी गार रात्र सहज काढतो. पेटी ब्लँकेटने झाका, फार थंडी असेल तर कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली आत ठेवा, आणि पूर्ण तापमान येईपर्यंत खायला देऊ नका.

ट्यूब बदलण्याची तारीख तिच्या फिटिंगवर मार्करने लिहून ठेवा. टी५ हाय आउटपुट साधारण १२ महिन्यांनी, टी८ ६ महिन्यांनी बदला, दिसायला नव्यासारखी असली तरी. डोळ्याला दिसणारा उजेड तसाच राहतो आणि यूव्हीबी मात्र उतरलेलं असतं. मीटर असेल तर दर महिन्याला पाठीच्या उंचीवरचा आकडा घ्या. तो ३ च्या खाली आला की वर्ष व्हायची वाट न बघता बदला. नवी ट्यूब जुनीपेक्षा बरीच प्रखर असते, म्हणून पहिल्या दिवशी अंतर पुन्हा मोजा आणि आठवडाभर डोळ्यांकडे लक्ष ठेवा. ट्यूबवर आणि परावर्तकावर साठलेली धूळही किरण खाते. दर पंधरा दिवसांनी दिवे बंद करून, गार झाल्यावर, कोरड्या कापडाने पुसून घ्या.